दारू सुटली, आता तब्येतीची धास्ती: पहिल्या काही महिन्यांत काय करायचं

"पीत होतो तेव्हा काही होत नव्हतं. सोडली आणि दुखणी सुरू झाली." अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट; त्याच्या मीटिंगला नव्याने आलेल्या माणसाकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाच्या तळपायांची आग होते, कुणाला उजव्या बरगडीखाली जड जड लागतं. त्यात सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, कशात मन लागत नाही. मग हळूच विचार येतो की यापेक्षा पीत होतो तेच बरं होतं.

हा लेख अशांसाठी आहे. म्हणजे डिटॉक्स (दारू शरीरातून उतरवण्याचे सुरुवातीचे उपचार) होऊन घरी आलेल्यांसाठी, आणि दारू सोडून काही आठवडे किंवा दोन-चार महिने झालेल्यांसाठी. मी डॉक्टर नाही. स्वतः दारूतून बाहेर पडलेला आणि आता नव्या लोकांसोबत बसणारा माणूस आहे. औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. मला सांगायचंय ते असं: तब्येतीच्या काळजीला कागद आणि तारीख द्या, आणि कामाला लागण्यासाठी इच्छा होण्याची वाट बघू नका.

पहिली पायरी: थांबायचं नाही अशी लक्षणं ओळखा

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दिवसापासून हात थरथरणं, घाम, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून ज्याने कालच सोडलीय आणि ज्याचे हात थरथरतायत, त्याने हा लेख बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आधी कधी फिट आली असेल तर घरी डिटॉक्स करण्याचा विचारसुद्धा नको.

"एकदम सोडली की शरीराला झटका बसतो, थोडी थोडी घेत जा" असं सांगणारे शेजारी आणि मेहुणे भरपूर असतात. पहिल्या काही दिवसांपुरतं त्यात तथ्य आहे, पण त्यावर उपाय डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या गोळ्या हा आहे, पेग नाही. सोडून महिना झालेल्याला हा सल्ला कोणी देत असेल तर त्याला तथ्याचाही आधार नाही.

पुढच्या महिन्यांतही काही गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, डोळे पिवळे होणं, पोट फुगत जाणं, पायांवर सूज, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं किंवा एकाचं दोन दिसणं. छातीत दाबल्यासारखं दुखून ते हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल आणि घाम फुटत असेल तर "ॲसिडिटी असेल" म्हणून जेलुसिल घेत बसू नका. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. ही यादी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. यादीत नसलेलं दुखणं बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबू शकतं, आणि एवढं कळलं तरी रात्र जरा सोपी जाते.

दुसरी पायरी: डॉक्टरांना खरा आकडा सांगा

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. आपण "कधीतरी, पार्टीला" असं सांगतो, आणि डॉक्टर त्या उत्तरावरून तपासण्या लिहितात. मग पायांच्या मुंग्यांसाठी मणक्याचा एमआरआय होतो आणि मूळ कारण बाजूलाच राहतं.

बोलायची लाज वाटत असेल तर कागद न्या. त्यावर असं लिहा: किती वर्षं पीत होतो, शेवटच्या वर्षात रोज किती (क्वार्टर, हाफ, देशी की हातभट्टी), शेवटचा घोट कोणत्या तारखेला, डिटॉक्समध्ये कोणत्या गोळ्या मिळाल्या, फिट किंवा भास झाले होते का, तंबाखू-गुटखा-सिगारेट किती, आणि सध्या चालू असलेली सगळी औषधं. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेलीही लिहा. खाली तीनच तक्रारी, सगळ्यात जास्त त्रासाची आधी. कागद टेबलावर सरकवायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, आधी हे वाचा." ज्या बायकांना दारूचा त्रास आहे त्यांना हे जास्त जड जातं, कारण घरातलंच कोणीतरी सोबत बसलेलं असतं. "मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय" असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा बीपीची गोळी असेल, तर दारू सोडल्याचं आवर्जून सांगा. बीपी काही आठवड्यांत खाली येऊ शकतं, साखरेचं गणित बदलतं, आणि जुना डोस जास्त ठरून चक्कर येऊ शकते. ही चक्कर म्हणजे अशक्तपणा असं समजून लोक महिनाभर नुसतं ग्लुकोज पीत बसतात.

तिसरी पायरी: रिपोर्ट घरी वाचायची पद्धत

लिव्हरच्या तपासणीत एसजीओटी, एसजीपीटी आणि गॅमा जीटी हे आकडे असतात. दारूच्या त्रासात बहुतेक वेळा एसजीओटी हा एसजीपीटीपेक्षा बराच वर असतो. पूर्ण बंद ठेवली तर गॅमा जीटी काही आठवड्यांत उतरू लागतो. लिव्हरवर चढलेली चरबीही अनेकांची आठवड्यांत ते महिन्यांत कमी होते. सिऱ्होसिस (लिव्हरवर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) झाला असेल तर व्रण पूर्ण पुसले जात नाहीत, पण न पिणाऱ्याचं लिव्हर उरलेल्या ताकदीवर चांगली साथ देतं. त्या टप्प्यावरसुद्धा सोडण्याचा फायदा होतो.

उलट बाजूही माहीत हवी. एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून लिव्हर ठणठणीत असं होत नाही. प्लेटलेट, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), सोनोग्राफी, गरज पडली तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी), हे सगळं मिळून चित्र तयार होतं आणि ते डॉक्टरच जोडू शकतात. लाल अक्षरात छापलेला एकेक आकडा रात्री अकरा वाजता मोबाइलवर शोधत बसलात तर प्रत्येक वाटेच्या शेवटी कॅन्सरच भेटेल.

वाईट रिपोर्टची भीती सगळ्यांना वाटते. मला चांगल्या रिपोर्टची जास्त वाटते. वाईट रिपोर्टने माणूस खचतो, पण निदान कोणाशी तरी बोलतो. चांगला रिपोर्ट आला की तो कोणाला काही न सांगता मनात हिशेब करतो: लिव्हर तर चांगलंय, म्हणजे माझं एवढं काही नव्हतं, रविवारी एखादी बिअर चालेल. बऱ्याच घसरणी अशा आनंदाच्या दिवशी सुरू झालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून रिपोर्ट कसाही येवो, तो घ्यायला एकट्याने आणि संध्याकाळी जाऊ नका. सकाळी जा, कोणाला तरी सोबत न्या, आणि त्याच दिवशी मीटिंगला किंवा फॉलो-अपला जाऊन रिपोर्टबद्दल बोला.

चौथी पायरी: काळजीची वही

साधी शंभर पानी वही. काळजी आली की तारीख टाकून एका ओळीत लिहायची: कुठे दुखतं, किती वेळ, तेव्हा काय करत होतो. पुढे तीनपैकी एक खूण. "आज" म्हणजे पहिल्या पायरीतलं लक्षण आहे, आत्ता जायचं. "तारीख" म्हणजे पुढच्या अपॉइंटमेंटला विचारायचं. "बघू" म्हणजे तीन दिवस नुसती नोंद ठेवायची.

दोन आठवड्यांनी मागची पानं चाळली की गोष्टी दिसू लागतात. धडधड रिकाम्या पोटी चार कप चहा झाल्यावर होते. बरगडीखालचं जडपण भांडण झालं त्या दिवशी वाढतं. मीटिंगमधले जुने लोक भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांवर लक्ष ठेवायला सांगतात ते यासाठीच. ज्या नोंदी कशाशीच जुळत नाहीत त्या डॉक्टरांच्या खऱ्या कामाच्या. वही घेऊन गेलेल्या माणसाचं डॉक्टर जास्त लक्ष देऊन ऐकतात, हे मी बघितलंय.

पायांच्या मुंग्या आणि आग यांची नोंद विशेष करा. लांबच्या दारूने नसांना इजा होते, शिवाय बी-१ आणि बी-१२ कमी पडतात. बी-१ म्हणजे थायमिनची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर "नुसती ताकदीची गोळी" म्हणून अर्ध्यात सोडू नका. मेंदूच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे.

पाचवी पायरी: घरातल्या बाटल्या तपासा

दारूच्या बाटल्या तर गेल्याच असतील. आता औषधाचं कपाट उघडा. आसवं आणि अरिष्टं, म्हणजे द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट वगैरे, आंबवून बनतात आणि त्यात अल्कोहोल असतं. काहींत बिअरइतकं किंवा त्याहून जास्त. लेबलवर बारीक अक्षरात ते छापलेलं असतं. "लिव्हरसाठी चांगलं" म्हणून आत्याने प्रेमाने आणून दिलेली बाटली सहा महिन्यांची सोब्रायटी, म्हणजे दारूपासून दूर राहणं, हलवू शकते. होमिओपॅथीचे थेंब, काही खोकल्याची औषधं, टॉनिक यांचंही तसंच. वैद्यांना स्पष्ट सांगा, अल्कोहोल नसलेला काढा किंवा गोळी मिळते. डायसल्फिरामची गोळी (ती घेऊन दारू प्यायली की त्रास होतो, म्हणून दारूपासून दूर ठेवायला देतात) चालू असेल तर यातल्या कशानेही चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही जवळपास दोन आठवडे.

आणि ही गोळी भाजीत किंवा चहात लपवून कोणी कोणाला देऊ नये. अनेक घरांत हे हताशपणे केलं जातं, मला त्यामागचं दुःख कळतं. पण न सांगता दिलेली गोळी आणि वर दारू, यात माणूस दगावू शकतो. ती द्यायची तर त्याला सांगून, आधी लिव्हर तपासून, डॉक्टरांच्या हातून.

गावठी काविळीचं औषध, लिव्हरची पावडर, गुळवेल यांच्याबाबतही विचारल्याशिवाय काही घेऊ नका. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे. ज्याचं लिव्हर आधीच दमलेलं आहे त्याने त्यात स्वतःवर प्रयोग करू नये. वेदनाशामक गोळ्यांचंही विचारून घ्या. पॅरासिटामॉलचा नेहमीचा डोस तुमच्यासाठी कमी करावा लागू शकतो, आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देतात.

सहावी पायरी: झोप

दारूने आपण झोपत नव्हतो, बेशुद्ध पडत होतो. खरी झोप परत यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. पिण्याची स्वप्नं पडतात, घाबरून जाग येते, तोंडात चवसुद्धा जाणवते. स्वप्नात प्यायलात म्हणून काही बिघडत नाही. सकाळी कोणाला तरी सांगून टाका.

दुपारी चारनंतर चहा बंद. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नाही. रात्री झोप लागो न लागो, सकाळी उठायची वेळ एकच. एवढं पाळलं तरी बऱ्यापैकी फरक पडतो. झोपेची गोळी मात्र मित्राच्या पाकिटातली, किंवा जुनी चिठ्ठी दाखवून आणलेली, कधीच नाही. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय आपल्या लोकांना फार लवकर लागते, आणि दारू सुटून गोळी धरलेली माणसं प्रत्येक केंद्रात असतात.

सातवी पायरी: "काही करावंसंच वाटत नाही"

आता दुसरी तक्रार. पहिला महिना बरा जातो. घरचे कौतुक करतात, आई दृष्ट काढते, चेहऱ्यावर तेज आलंय असं सोसायटीतले म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कौतुक आटतं, कर्जाचे हप्ते आणि साहेबाचा चेहरा तसाच असतो, आणि आतून सगळं सपाट वाटायला लागतं. क्रिकेट नको, गाणी नकोत, मुलाशी खेळणं नको. माणूस स्वतःला आळशी म्हणतो, घरचेही म्हणतात.

हा आळस नाही. मेंदूतली आनंदाची यंत्रणा वर्षानुवर्षं दारूच्या मोठ्या झटक्यांवर चाललेली असते. झणझणीत रश्शावर वाढलेल्या जिभेला वरण-भात बेचव लागतो, तसं तिला साध्या गोष्टींत काही जाणवत नाही. ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि ज्या गोष्टी सध्या बेचव वाटतात त्या करत राहूनच ती पूर्ववत होते. उत्साह आला की फिरायला जाईन, असं ठरवलं तर फिरणं कधीच होत नाही. आधी पाय चालतात, मन मागून येतं.

म्हणून काम लहान करा, हास्यास्पद वाटेल इतकं लहान. "रोज पाच किलोमीटर" नको. उठायचं, तोंड धुवायचं, चपला घालायच्या, गेटपर्यंत जायचं. गेटपाशी पोचल्यावर परत फिरायची मुभा आहे. बहुतेक दिवशी तुम्ही कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जाल. ज्या दिवशी गेटवरूनच परत आलात तो दिवसही वहीत "झालं" म्हणून लिहायचा. दर आठवड्याला थोडं वाढवायचं, त्याहून घाई नाही.

दिवसाला तीन खुंट्या पुरतात: सकाळी ऊन आणि चालणं, दुपारी एक हाताचं काम, संध्याकाळी माणसं. हाताचं काम म्हणजे लसूण सोलणं, सायकल धुणं, कुंड्यांना पाणी, मुलाच्या वह्यांना कव्हर घालणं. जे अर्ध्या तासात संपतं आणि झालेलं डोळ्यांना दिसतं असं काहीही. संध्याकाळची खुंटी सगळ्यात पक्की ठोका, कारण सहा ते नऊ ही आपली जुनी वेळ. तेव्हा घरात एकटं राहू नका. एएच्या मीटिंगला फी नाही, नाव-पत्ता विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलेली ही रीत आहे, आणि आज महाराष्ट्रात मराठीतून मीटिंगा चालतात. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तुम्ही ज्या केंद्रात उपचार घेतले तिथलं फॉलो-अपचं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि जायचं मन नसेल त्या दिवशी आवर्जून जा.

खाण्याकडेही बघा. पिणाऱ्या माणसाचा नाश्ता वर्षानुवर्षं चुकलेला असतो आणि स्नायू झडलेले असतात. सकाळी पोह्यांत मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं, दुपारी मटकीची उसळ किंवा डाळ, संध्याकाळी पाचला काहीतरी पोटात. संध्याकाळची तलफ अनेकदा निम्मी भूक असते. गोड खावंसं वाटेल, मधुमेह नसेल तर सुरुवातीचे महिने चिक्कीचा तुकडा खिशात ठेवायला हरकत नाही.

आठवी पायरी: मन सपाट की आजारी?

पूर्ण बंद ठेवून महिना उलटला तरी दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, भूक-झोप गेली असेल, स्वतःचा तिरस्कार वाटत असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो. "गोळी घेतलीस म्हणजे सोबर नाहीस" असं मीटिंगमधला एखादा जुना माणूस म्हणेल. तो चुकतोय. सदस्याने डॉक्टर बनू नये, अशीच एएची स्वतःची भूमिका आहे. डिप्रेशनच्या गोळ्यांची नशा चढत नाही. त्या मनाने बंद मात्र करायच्या नाहीत.

जगणं नकोसं वाटत असेल तर महिन्याची वाट बघायची नाही. आज, आत्ता कोणाला तरी सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्ही नंबर मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा, कारण गरज असते तेव्हा शोधायचं त्राण नसतं.

पाय घसरलाच तर

लपवू नका, आणि "आता सगळं गेलं" म्हणून पुढची बाटली उघडू नका. एक गोष्ट लक्षात ठेवा: काही महिने बंद असल्यावर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, पूर्वीचं प्रमाण आता जास्त घातक ठरतं. आणि सलग काही दिवस प्यायली गेली असेल तर परत थांबताना डॉक्टरांना विचारून थांबा, पहिल्या पायरीतलं सगळं पुन्हा लागू होतं. आषाढातली गटारी, ३१ डिसेंबर, चुलतभावाची हळद, या तारखा आधीच कॅलेंडरवर गोल करून त्या दिवशी कुठे असायचं ते ठरवून ठेवलं तर ही वेळ बहुधा येत नाही.

घरच्यांसाठी थोडंसं

तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं समजू शकतो, पण त्याने तो पळवाटा शोधायला लागतो. त्याला विचारायचं तर "आज वहीत काय लिहिलंस?" असं विचारा. दुखण्याची तक्रार केली की "नाटक करतोय" म्हणू नका, फ्रिजवरची यादी दोघांनी मिळून बघा. पूर्वीची भांडणं या पहिल्या महिन्यांत उकरू नका. ती बोलायची आहेतच, त्यासाठी समुपदेशकासमोर वेळ घ्या. आणि तुमची स्वतःची झोप, तुमचं बीपी, तुमची वर्षानुवर्षांची दगदग यांचंही कोणीतरी बघायला हवं. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. तो यायला तयार नसला, अगदी अजून पीत असला, तरी तुम्ही एकट्या तिथे जाऊ शकता.